खाडीकाठचं वाचनालय: प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५

१ जून २०२४, शनिवार

आजपासून मासेमारी बंद. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्या समुद्रात जाणार नाहीत. हर्णै बंदर उघड्यावर आहे, पावसाळी वाऱ्यात तिथे होड्या टिकत नाहीत. म्हणून त्या आंजर्ल्याच्या खाडीत आणून शाकारतात, म्हणजे पावसापासून झाकून ठेवतात. वर्षभर ज्यांची गाठ पडत नाही असे तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशी आता दोन महिने वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर असतील.

आमची वेळ मात्र सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते ७. ही वेळ कधीकाळी शिक्षक आणि पेन्शनरांच्या सोयीने ठरली आणि तशीच राहिली. सभासद यादी घेऊन बसले. बंदरवाडीतल्या बहुतेक घरांतून नाव आहे ते शाळकरी मुलाचं किंवा एखाद्या सुनेचं. घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव जवळजवळ कुठेच नाही. त्यांना वाचनाची आवड नाही, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. समुद्रावरून परतणाऱ्या माणसाला आपलं दार कधी उघडं सापडलंय, हे कुणी तपासलेलं नाही.

कार्यकारी मंडळाच्या सभेत हेच मांडलं होतं. ठराव झाला: वर्षभर वाचनालय गावाच्या हंगामाप्रमाणे चालवून बघायचं. बंदीत रात्री ९ पर्यंत उघडं ठेवायचं, होड्या सुटल्या की पुस्तकं होडीवर द्यायची, गणपतीत चाकरमान्यांसाठी आणि दिवाळीनंतर घरोघरच्या म्हाताऱ्यांसाठी वेगळं काम. ग्रंथपाल म्हणून मी त्याची नोंद ठेवायची. आम्ही सरकारी वर्गवारीत 'क' वर्गातलं ग्रंथालय. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि ते येईपर्यंत हात आखडून राहावं लागतं. त्यामुळे जे करायचं ते आहे त्या माणसांत आणि आहे त्या पुस्तकांत.

६ जून, गुरुवार

जाळ्यांच्या शेडमध्ये पहिली संध्याकाळ. माणसं जाळी तुणत (दुरुस्त करत) होती, हात मोकळा कुणाचाच नव्हता. म्हणजे पुस्तक हातात देऊन उपयोग नाही, वाचून दाखवायला हवं. मी कथासंग्रह काढला, तेवढ्यात एक वयस्क तांडेल म्हणाले, "बाई, गोष्टीचं ऱ्हावू दे. तो आमचा कायदा आहे ना, तो वाचा आधी. सगळे त्याच्या नावाने भांडतात, वाचलाय कुणी?"

कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन दंड बरेच वाढले. वाचनालयात येऊन मराठी मजकूर छापून घेतला आणि परत गेले. कलमं वाचायला सुरुवात केली आणि शेडमधलं सगळं बोलणं थांबलं. जाळ्याच्या आसाचं (भोकाचं) माप, पर्ससीन म्हणजे मोठी वेढ्याची जाळी, एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी, एकेका कलमावर ते थांबवत, पुन्हा वाचायला लावत. सरकारी मराठीतलं एखादं वाक्य मला उलगडलं नाही की त्यांतलंच कुणीतरी त्याचा अर्थ सांगे, कारण त्यामागचा व्यवहार त्यांना ठाऊक.

वाचनाची गोडी कथा-कादंबरीपासूनच लागते असं मी धरून चालले नव्हते, तरी इतक्या भुकेने ऐकलेलं वाचन मी बरीच वर्षं पाहिलं नव्हतं. डिझेल परताव्याचे आणि विम्याचे अर्ज भरायला मदत हवी, अशीही मागणी आली. मंगळवार आणि शुक्रवारी संध्याकाळी संगणक त्यासाठी राखून ठेवला आहे.

१० जून, सोमवार

आजपासून शेडमध्ये 'श्यामची आई'. पुस्तक ४२ रात्रींत विभागलेलं आहे. रोज एक रात्र वाचली तर बंदी उठायच्या आत आरामात पुरं होतं. शिवाय साने गुरुजी पालगडचे, आपल्याच दापोली तालुक्यातले. सगळ्यांनी शाळेत एखादा धडा वाचलेला असतो, अख्खं पुस्तक फार थोड्यांनी.

वाचायचं मुलांनी. सातवी-आठवीतली चार-पाच मुलं पाळीपाळीने वाचतात, बाप-काका जाळी तुणत ऐकतात. एका मुलाच्या आजीचं माहेर पालगडच्या बाजूचं. ती पहिल्याच दिवशी नातवाला म्हणाली, "घाई नको रे. आईचं बोलणं आहे ते, दमानं वाच." मुलाचा वेग खरोखर उतरला. वाचनाचं याहून चांगलं प्रशिक्षण मी देऊ शकले नसते.

५ जुलै, शुक्रवार

सकाळी मागच्या खोलीत इतिहासाच्या कपाटाशी तोच ओळखीचा कुबट वास. आर्द्रतामापक नव्वदीच्या आसपास. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरायला लागते, आणि इथे जून ते सप्टेंबर ती त्याखाली उतरतच नाही. त्यामुळे बुरशी पूर्ण घालवण्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. तिला जागा कमी ठेवायची, एवढंच आपल्या हातात.

आज केलेली कामं सविस्तर लिहिते, कारण आजूबाजूच्या गावांतल्या ग्रंथपालांनी विचारलं आहे.

बाहेरच्या भिंतीला टेकलेली कपाटं वीतभर पुढे ओढली. पावसाची भिंत ओल धरते आणि ती ओल थेट पुस्तकांच्या पाठीत उतरते. पुस्तकं गच्च बसवलेली होती, ती सैल केली. मधून हवा खेळली पाहिजे. प्लॅस्टिकची कव्हरं काढून टाकली. धुळीपासून ती वाचवतात खरी, पण पावसाळ्यात आतला दमटपणा आतच कोंडतो. डांबरगोळ्यांचा बुरशीवर काही उपयोग नाही, त्या किड्यांसाठी. बंद खोलीत त्यांचा वास वाचकांनाच बाधतो, म्हणून त्याही काढल्या. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण वाळवलेला. ओला पाला म्हणजे कपाटात आणखी ओल.

बुरशी धरलेली पुस्तकं वेगळी काढून कागदी पिशव्यांत ठेवली. ती झटकायची ती उघड्या पडवीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने, आणि आधी पूर्ण सुकल्यावरच. ओली बुरशी पुसायला गेलं की ती पानात जिरते. सुकवायचं ते सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात टाकलं तर बुरशी मरते, पण कागदही पिवळा पडून तुटायला लागतो, आणि आपल्याकडची जुनी पुस्तकं आधीच हळवी आहेत.

८ जुलै, सोमवार

बुरशीवरून विषय पुराकडे गेला. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या आणि नंतर २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी तिथल्या ग्रंथांपर्यंत पोहोचलं. दोन्ही वेळा ती संस्था पुन्हा उभी राहिली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. आमच्याकडे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छपराचे पत्रे उडाले आणि पाऊस थेट कपाटांवर पडला. तेव्हा ओली पुस्तकं घरोघर दोऱ्यांवर वाळत घातली होती. गावाने जीव टाकून मदत केली, तरी बरीच पुस्तकं चौथ्या-पाचव्या दिवशी काळी पडली.

कारण साधं आहे. भिजलेल्या पुस्तकाला दोन दिवसांत बुरशी सुटायला लागते, आणि शेकडो पुस्तकं दोन दिवसांत सुकवणं कुणालाच जमणारं नाही. त्यावर ग्रंथसंवर्धनातला मान्य उपाय म्हणजे गोठवणं. उणे १८ अंशांच्या खाली बुरशीची वाढ थांबते आणि पुस्तक जसं आहे तसं राहतं. मग सवडीने थोडी थोडी काढून सुकवायची. मोठ्या शहरात यासाठी शीतगृह शोधत फिरावं लागेल. इथे मासळीची शीतगृहं दाराशी आहेत, आणि नेमक्या पावसाळ्यात, बंदीमुळे, त्यांत जागा असते.

एका शीतगृहाच्या मालकांशी आज बोलले. ते आधी गप्पच बसले. मग विचारलं, "वास लागेल ना पुस्तकांना?" मी म्हटलं, दुहेरी पिशवीत बांधून क्रेटमध्ये ठेवू. "मग घेऊन या. क्रेट आमचे." लेखी मागितलं, तेही देतो म्हणाले. याचा सराव पाऊस संपल्यावर एकदा करायचा आहे.

२४ जुलै, बुधवार

'श्यामची आई' काल संपलं. एक-दोन दिवस वीज नव्हती म्हणून लांबलं. शेवटच्या रात्रीला बायकाही आल्या होत्या. काही न बोलता सगळे उठले, मग एका खलाशाने विचारलं, "आता उद्या काय?" उद्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक पैसे मिळवायला म्हणून ग्वाल्हेरकडे निघतो आणि १८५७ च्या बंडात सापडतो, झाशीला वेढा पडतो तेव्हा आत असतो, शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो. परमुलखात पोटासाठी जाणं आणि जीव वाचवून परत येणं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

१ ऑगस्ट, गुरुवार

होड्या सुटायला लागल्या. काही जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतील. आज पाच होड्यांवर पुस्तकपेट्या दिल्या.

पेटी म्हणजे घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, केबिनमध्ये बसेल एवढा. आत काय द्यायचं यावर तांडेलांशीच बोलले. एका बैठकीत संपणाऱ्या कथा, मोठा टाईप, जुने दिवाळी अंक, एक इंजिन दुरुस्तीचं पुस्तक, एक प्रथमोपचाराचं. जाड कादंबरी नको, असं सगळे म्हणाले, एक सोडून. त्याला 'रथचक्र' हवं होतं, कारण बायकोने वाचून त्याला अर्धं सांगितलं होतं.

ठराव करून घेतला आहे: होडीवर पुस्तक भिजलं, फाटलं, पाण्यात गेलं तर दंड नाही, अनामतीतून कपात नाही. मंडळातल्या एकदोघांना हे पटलं नव्हतं. माझं म्हणणं असं की दंडाच्या धाकाने पेटी उघडलीच गेली नाही तर ती पुस्तकं आमच्या कपाटात कसर लागून संपतील. त्यापेक्षा वाचून संपलेली बरी.

होड्यांवर नेपाळी खलाशी बरेच असतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीविव्हर'वर नेपाळी बालकथा मोफत आहेत, छापून घ्यायला परवानगीही आहे. त्यांतल्या काही छापून शिवल्या. मोठ्या माणसाला मुलांच्या गोष्टी कशा द्यायच्या, असा संकोच होता. ज्याला दिल्या त्याने पहिलं पान तिथेच उभ्याने वाचलं आणि आपल्या मुलीसाठी एक प्रत मागितली.

१२ ऑगस्ट, सोमवार

ग्रंथपाल दिन, डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्मदिवस. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यांतले दोन मला रोज लागतात: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. पहिल्यासाठी वाचकाला ओळखावं लागतं. दुसऱ्यासाठी गाव ओळखावं लागतं, आणि ते एकट्या ग्रंथपालाला जमत नाही.

म्हणून आजपासून शिफारस चिठ्ठी. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक खिसा. पुस्तक परत करताना वाचकाने एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: हे कुणाला द्यावं? 'पुस्तक कसं वाटलं' असं विचारलं की माणसं शाळेतल्या निबंधासारखं 'छान आहे, बोधप्रद आहे' लिहितात. 'कुणाला द्यावं' विचारलं की थांबून खऱ्या माणसाचा विचार करतात.

२ सप्टेंबर, सोमवार

चिठ्ठ्या जमायला लागल्या. काही उतरवून ठेवते.

'माझा प्रवास': "मुंबईला पहिल्यांदा नोकरीला जाणाऱ्या मुलाला."

'रथचक्र': "जिचा नवरा पैसे पाठवत नाही तिला. पण आधी कुणीतरी तिच्याशी बोलावं." श्री. ना. पेंडसे इथून जवळच्या मुर्डीचे. मुलांच्या शिक्षणासाठी एकटी झुंजणारी त्यांची ही आई, १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार, हे सगळं मी प्रदर्शनाच्या पाटीवर लिहिते. या चिठ्ठीतल्या दुसऱ्या वाक्याएवढं शहाणपण माझ्या कुठल्याच पाटीवर नव्हतं.

प्रथमोपचाराचं पुस्तक: "प्रत्येक तांडेलाला. पान ४० च्या पुढचं आधी."

मुलांचं पक्ष्यांचं पुस्तक: "माझ्या आजोबांना, त्यांना नावं माहीत आहेत पण वेगळी."

हे शेवटचं वाचून त्या आजोबांना बोलावलं. खाडीवरच्या पक्ष्यांची त्यांच्याकडची नावं आता त्याच पुस्तकात पेन्सिलीने लिहून घेतो आहोत.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीत चाकरमानी आले, पुस्तकांच्या पिशव्याही आल्या. जुनी क्रमिक पुस्तकं आणि कालबाह्य परीक्षा-मार्गदर्शकं घेत नाही, हे यंदा आधीच फलकावर लावलं होतं. त्याऐवजी हव्या असलेल्या पुस्तकांची यादी दिली, ती फोटो काढून बरेच जण घेऊन गेले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

वाचन प्रेरणा दिन, डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. शाळेत कार्यक्रम झाला. मराठीला ३ तारखेला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याने यंदा उत्साह अधिक. मला त्याचा आनंद आहे. शिक्षकांना मात्र एक विनंती केली: मुलांच्या हातात पुस्तक धरून फोटो काढण्यापेक्षा दर आठवड्याला एक तास वर्ग आमच्याकडे पाठवा, पुस्तक मुलांना स्वतः निवडू द्या. गुरुवारची शेवटची तासिका मिळाली.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी अंक योजना सुरू. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा मराठीतच एवढी फुलली. वेगळी वर्गणी घेऊन आम्ही अंक फिरवतो, शिमग्यापर्यंत ते चालतात.

यंदाचा बदल: जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे अंक जाणार. वरच्या वाडीत कित्येक घरांना कुलूप, उघड्या घरांत एकटी म्हातारी माणसं. चढण त्यांना झेपत नाही. दूध घालायला जाणारा मुलगा पिशवी पोचवतो, त्याला वाचनालयाकडून मानधन ठरलं आहे.

एका आजींकडे मी स्वतः गेले. त्यांनी अंक चाळून बाजूला ठेवला. "अक्षर बारीक आहे ग. आणि या लोकांचं बोलणं मला लागत नाही." त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' नेऊन दिली. शाळेत न गेलेल्या बाईने समोर बसून सांगावं तसं लिहिलेलं. मोठ्या टाईपची प्रत नव्हती, म्हणून शेजारची दहावीतली मुलगी रोज अर्धा तास वाचून दाखवते. दुसऱ्या आठवड्यात गेले तर आजी तिला म्हणत होत्या, "थांब, माझ्या सासऱ्यांचं असंच होतं," आणि पुढचा सगळा वेळ आजीच बोलत होत्या. मुलीला सांगून ठेवलं आहे, आजी बोलायला लागल्या की पुस्तक मिटायचं. पुढची पानं पळून जात नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

अभ्यासिका भरलेली. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा. मुलं रात्री १० पर्यंत बसतात, मुली ७ ला उठतात. त्यांना विचारलं तेव्हा कळलं, वाचनालयापासून स्टॉपपर्यंतच्या रस्त्यावर दिवा नाही. ग्रामपंचायतीला अर्ज दिला. दिवा लागेपर्यंत पहाटे ६ ते ९ अभ्यासिका फक्त मुलींसाठी उघडतो आहोत.

इथे धोंडो केशव कर्व्यांचं आत्मचरित्र आवर्जून सुचवते. मुरूडचा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. भरतीत उंचीने किंवा एका गुणाने मागे पडलेली मुलं हे प्रकरण मागून घेऊन वाचतात.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

आंब्याला मोहोर. फवारणी, राखण, बागायतदारांना आणि गड्यांना आता मेपर्यंत फुरसत नाही. रीतसर कार्यक्रम बंद ठेवले. बागेतल्या राखणीच्या मांगरात (झोपडीत) दोन पेट्या दिल्या, त्यांत दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' आहे. महिन्याला एक प्रकरण, चैत्रापासून. मोहोराखाली बसून ते वाचणाऱ्याचा मला हेवा वाटतो.

दृष्टी गेलेल्या एका निवृत्त शिक्षकांची 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयासाठी नोंदणी करायला मदत केली. २०१२ च्या दुरुस्तीपासून प्रताधिकार कायदा अशा वाचकांसाठी सुलभ प्रती करायला मुभा देतो, हे आपल्या बऱ्याच ग्रंथालयांपर्यंत पोचलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शीतगृहातला सराव. बाद केलेली पुस्तकं आणि मासिकं मुद्दाम हौदात भिजवली. काहींना खाडीचा गाळ लावून मग बंद धरूनच स्वच्छ पाण्यात खळबळली. ओलं पुस्तक उघडायचं नाही, हा नियम सगळ्यांकडून पाठ करून घेतला. पिशव्या, नावपट्ट्या, क्रेट. पुस्तकं पाठ खाली करून, एकाच थरात. हर्णैच्या मासळी लिलावात क्रेट उचलायची सवय असलेल्या पोरांनी हे काम आमच्या अर्ध्या वेळात केलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. सकाळी शाळेत कवितावाचन, दुपारी क्रेट उघडले. थोडीच पुस्तकं काढून पंख्यासमोर उभी ठेवली, पानांत टिपकागद, तो भिजला की बदलायचा. साध्या कागदाची पुस्तकं सुधारतायत. फुगली आहेत, पण पानं सुटी होतात आणि वाचता येतात. मासळीचा वास नाही.

चकचकीत कागदाची सगळी वाया गेली. शीतगृहाची गाडी यायला उशीर झाला तेवढ्यात ती अर्धवट सुकली आणि पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना चित्रंच निघून आली. आमचा बालविभाग जवळपास सगळा याच कागदाचा आहे आणि तो सर्वांत खालच्या फळ्यांवर आहे, मुलांचा हात पोचावा म्हणून. खालच्या फळ्या रिकाम्या करून चालणार नाही, मुलांनी पुस्तक स्वतःच काढलं पाहिजे. म्हणून ठरलं असं: बालविभागाची मांडणी आतल्या उंच जोत्याच्या खोलीत, उंची तीच. तिथला संदर्भ विभाग बाहेर. चकचकीत कागदाच्या पुस्तकांच्या क्रेटवर 'आधी हे' अशी लाल पट्टी. सुतार सोमवारी माप घ्यायला येणार आहे.